यादीत नसलेलं विष

15 जून 2023 ला इंदूरच्या पलासिया चौकात रस्ता अडला. बजरंग दलाचे कार्यकर्ते पलासिया ठाण्यासमोर ठिय्या देऊन बसले होते. शहरात वाढलेला नशेचा धंदा आणि रात्री उशिरापर्यंत चालणारे पब, ही त्यांची तक्रार. पोलिसांनी लाठ्या चालवल्या. मग भोपाळहून सूत्रं हलली, ठाण्याच्या टीआयना, म्हणजे ठाणेप्रमुखांना, हटवलं, उपायुक्तांची बदली झाली, चौकशी लागली. लाठ्या कोणाच्या हुकमावरून चालल्या, यावर शहर तावातावाने भांडलं. ज्या पावडरीच्या नावाने हे सगळं सुरू झालं, ती नेमकी काय आहे, कुठे बनते, पोराच्या अंगात गेल्यावर काय करते, हा प्रश्न कोणीही विचारला नाही. आंदोलन करणाऱ्यांनी नाही, लाठी चालवणाऱ्यांनी नाही आणि बदल्या करणाऱ्यांनी तर नाहीच नाही.

मी याच पलासियात राहतो. माझ्या शेजारच्या घरांत वाढलेल्या पोरांना ही पावडर कुठे मिळते ते ठाऊक आहे आणि त्यांच्या आईबापांना तिचं धड नावही माहीत नाही. म्हणून जे सांगायचं ते स्पष्ट सांगतो. ज्या पदार्थाचा अभ्यास करायची सरकारची तयारी नाही, त्याला कायद्याने आवर घालणं सरकारला जमणार नाही. कारखाने सापडत राहतील, पिंपं जप्त होतील, पोरं तुरुंगात जातील आणि पावडर रेणू बदलून पुन्हा याच चौकात येईल.

बाजारात तिला एमडी म्हणतात. मुंबईत 'म्याव म्याव' हेही नाव चालायचं. रसायनशास्त्रातलं नाव मेफेड्रोन. येमेन आणि इथिओपियात लोक खात नावाच्या झुडपाची पानं चघळतात. त्या पानांत कॅथिनोन असतं. मेफेड्रोन त्याच कुळातलं, पण प्रयोगशाळेत घडवलेलं. ते पहिल्यांदा 1929 मध्ये तयार झालं आणि पुढची सत्तरेक वर्षं जुन्या शोधनिबंधांत पडून राहिलं. 2003 च्या सुमारास चोरून रसायनं बनवणाऱ्या एकाने ते पुन्हा उकरून काढलं. काही वर्षांतच युरोपात ते 'झाडांचं खत' आणि 'बाथ सॉल्ट' म्हणून उघड विकलं जाऊ लागलं. पाकिटावर 'माणसाने सेवन करू नये' असं छापलेलं असायचं. ती ओळ गिऱ्हाइकाच्या काळजीपोटी छापलेली नव्हती, कायद्याला चकवायला छापलेली होती.

नाकातून ओढलं की मेंदूत डोपामिन आणि सेरोटोनिन एकदम उसळतं. उत्साह, बडबड, कोणाबद्दलही वाटणारी जवळीक. तास-दोन तासांत सगळं ओसरतं आणि तो उतार सोसवत नाही म्हणून पोरगा पुन्हा पुडी उघडतो. रात्रभरात असं कितीदा होईल याचा नेम नाही. हृदयाचे ठोके सुटतात, रक्तदाब चढतो, बोटं गार पडून निळसर होतात, नाकातून रक्त येतं, झोप उडते. मग संशय सुरू होतो. कोणीतरी पाळतीवर आहे, घरचेच कट करताहेत. एवढं दुनियेला कळलेलं आहे. आपल्याकडच्या पुडीत मेफेड्रोन किती आणि बाकी काय मिसळलेलं, इथली पोरं ते किती आणि कशाबरोबर घेतात, वर्षानुवर्षं घेतल्यावर काय होतं, याचा अभ्यास आपल्याकडे नावापुरताच आहे.

आता कायदा बघा. अमली पदार्थांसाठी आपल्याकडे 1985 चा एनडीपीएस कायदा आहे. अफू, गांजा, कोका या वनस्पती आणि त्यांच्यापासून निघणारे पदार्थ त्याला चांगले कळतात. माळव्यात ते डोळ्यांनी दिसतं. मंदसौर-नीमचच्या शेतकऱ्याला अफूचा पट्टा मिळतो तो हेक्टरी किती मॉर्फिन निघालं यावर. त्याचं शेत मोजलं जातं, चीक तोलला जातो, नीमचच्या सरकारी कारखान्यात तपासला जातो. ज्या नशेला शेत लागतं तिचा हिशेब सरकार असा चोख ठेवतं. ज्या नशेला भाड्याची शेड आणि चार पिंपं पुरतात, तिच्यासाठी मात्र कायद्याच्या मागे एक यादी जोडलेली आहे. पदार्थ यादीत असेल तर गुन्हा, नसेल तर नाही. रेणूच्या एका कोपऱ्यातला एक अणू हलवला की पदार्थ दुसरा, नाव दुसरं, आणि यादीत तो नसतो.

याचे परिणाम महाराष्ट्राने भोगलेत. ब्रिटनने एप्रिल 2010 मध्ये मेफेड्रोनवर बंदी घातली, त्याच वर्षाच्या अखेरीस युरोपीय संघाने घातली. भारताने ते यादीत घातलं 5 फेब्रुवारी 2015 रोजी. मधल्या जवळपास पाच वर्षांत मुंबईच्या कॉलेजांभोवती एमडीने बस्तान बसवलं. विकणारा समोर उभा, माल त्याच्या खिशात, आणि पोलिसांच्या हातात एनडीपीएसचं कलमच नाही. मागाहून बंदी घालून आधीच्या विक्रीला शिक्षा करता येत नाही. राज्यघटनेचं कलम 20 तसं करू देत नाही आणि ते योग्यच आहे. म्हणजे उशिराचा प्रत्येक महिना हा विक्रेत्याला बहाल केलेला महिना. तो बहाल करणाऱ्या एकाही अधिकाऱ्याला कोणी जाब विचारला नाही.

यावर दिल्लीचं नेहमीचं उत्तर असतं की प्रक्रियेला वेळ लागतो. हे उत्तर खोटं आहे. एनडीपीएसचं कलम 3 उघडून वाचा. एखाद्या पदार्थाच्या गुणधर्मांची, परिणामांची, गैरवापराची किंवा गैरवापराच्या शक्यतेची माहिती हाती आली की केंद्र सरकार अधिसूचना काढून तो यादीत घालू शकतं. शक्यतासुद्धा पुरते. संसदेची वाट बघायची गरज नाही, मुडदे पडायची तर नाहीच नाही. अट एकच, माहिती हाती आली पाहिजे. आणि माहिती गोळा करायची यंत्रणाच उभी केली नाही, तर ती येणार कुठून?

2019 मध्ये केंद्र सरकारने देशातल्या व्यसनांचं मोठं सर्वेक्षण प्रसिद्ध केलं. एम्सच्या राष्ट्रीय व्यसनोपचार केंद्राने ते केलं होतं. दोन लाख घरं, पावणेपाच लाखांच्या आसपास माणसं. दारू, भांग-गांजा, अफूजन्य पदार्थ, कोकेन, झोपेच्या गोळ्या, हुंगायची द्रव्यं, सगळ्यांना रकाने आहेत. मेफेड्रोनला स्वतंत्र रकाना नाही. अँफेटामिनसारख्या उत्तेजकांचा एकच गठ्ठा आणि त्याचा आकडा 0.18 टक्के. म्हणजे बंदीनंतर चार वर्षांनीही या देशात मेफेड्रोन किती लोक घेतात ते सरकारने वेगळं मोजलेलं नव्हतं.

मोजमाप नाही म्हणजे काय, ते मी एका रात्री खासगी रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत बघितलं. ओळखीतल्या एका मुलाला मित्रांनी आणून टाकलं होतं. घामाने शर्ट चिंब, जबडा घट्ट आवळलेला, मॉनिटरवर नाडी दीडशेच्या वर. मित्र आधी गप्प, मग एकजण हळूच म्हणाला, "एमडी घेतलंय." लघवीच्या तपासणीचं प्लास्टिकचं कार्ड आणलं गेलं. त्यावर मॉर्फिनची पट्टी होती, गांजाची, कोकेनची, अँफेटामिनची, झोपेच्या गोळ्यांची. मेफेड्रोनची नव्हती. ही नेहमीची कार्डं ते भरवशाने पकडतच नाहीत. सगळ्या रेघा 'निगेटिव्ह' आल्या. ड्युटीवरच्या तरुण डॉक्टरांनी लक्षणं बघून उपचार केले, मुलगा सावरला, आणि केसपेपरवर लिहिलं गेलं 'छातीत धडधड, घबराट'. त्या कागदाच्या हिशेबी त्या रात्री पलासियात कोणीही एमडी घेतलं नव्हतं. देशभरातल्या अशा कागदांची बेरीज करून वर सांगितलं जातं की पुरावा पुरेसा नाही.

अभ्यासाच्या जागी आपल्याकडे काय आहे? पत्रकार परिषद. टेबलावर पारदर्शक पिशव्या, मागे ओळीने अधिकारी आणि एक कोटींचा आकडा. ऑक्टोबर 2023 मध्ये नाशिकजवळच्या शिंदे गावातला कारखाना, सुमारे 300 कोटी. फेब्रुवारी 2024 मध्ये पुणे पोलिसांचे कुरकुंभ एमआयडीसी, दिल्ली आणि सांगलीतले छापे, 1700 किलोंच्या वर माल, साडेतीन हजार कोटींच्या पुढे. ऑक्टोबर 2024 मध्ये भोपाळजवळच्या बगरोदा औद्योगिक वसाहतीत गुजरात एटीएस आणि एनसीबीची धाड, 907 किलो मेफेड्रोन, 1814 कोटी. तिथे पकडलेल्या दोघांपैकी एक नाशिकचा होता आणि एटीएसच्या म्हणण्याप्रमाणे मुंबईतल्या जुन्या एमडी प्रकरणात तो तुरुंगात राहून आलेला होता. तुरुंगाने त्याचा धंदा थांबवला नाही, उलट तो नाशिकहून भोपाळपर्यंत फैलावला, असंच यातून दिसतं. धाडी घालणाऱ्या पोलिसांच्या कष्टांबद्दल मला आदर आहे. पण कोटींचा आकडा हा अभ्यास नव्हे. त्यातून शुद्धता कळत नाही, भेसळ कळत नाही, किती माल आधीच बाजारात गेला ते कळत नाही.

तपासणीचं म्हणाल, तर 2015 चं एक प्रकरण पुरेसं आहे. मेफेड्रोनवर बंदी येऊन महिनाच झाला होता. मुंबईच्या एका पोलीस हवालदाराच्या सातारा जिल्ह्यातल्या कण्हेरी गावच्या घरातून शंभर किलोंच्या वर पावडर पकडली गेली. देशभर गाजावाजा झाला, अटका झाल्या. पुढे तपासणीच्या अहवालात ती पावडर अजिनोमोटो निघाली. मूळ माल मधल्या काळात कुठे गेला की तो कधी नव्हताच, हा वाद सोडा. पांढरी पावडर म्हणजे काय हे ठरवायला ज्या व्यवस्थेला इतका काळ लागतो, तिच्या भरवशावर आपण माणसांना दहा-दहा वर्षं आत टाकतो.

इंदूरही यात मागे नाही. जानेवारी 2021 मध्ये इथल्या पोलिसांनी 70 किलो माल पकडला आणि बातम्यांत तो कुठे 'एमडी' तर कुठे 'एमडीएमए' होऊन झळकला. हे दोन वेगळे पदार्थ आहेत आणि कायद्याची मापंही वेगळी आहेत. मेफेड्रोनचं व्यावसायिक प्रमाण 50 ग्रॅमच्या वर सुरू होतं, एमडीएमएचं 10 ग्रॅमच्या वर. खिशात 30 ग्रॅम पावडर सापडलेला मुलगा दहा वर्षांच्या किमान शिक्षेखाली येतो की नाही, हे प्रयोगशाळेच्या एका ओळीवर ठरतं. डिसेंबर 2022 पासूनच्या नियमांप्रमाणे तो अहवाल पंधरा दिवसांत यायला हवा. प्रत्येक जिल्ह्यात तो खरोखर किती दिवसांत येतो, हे सरकारने दर महिन्याला जाहीर करावं. लपवण्यासारखं काही नसेल तर त्यात अडचण नाही.

इंदुरात तर 2018 मध्ये याहून मोठी धोक्याची घंटा वाजली होती. त्या सप्टेंबरमध्ये महसूल गुप्तचर संचालनालयाने (डीआरआय) शहरातली एक चोरटी प्रयोगशाळा पकडली. तिथे फेंटानिल हे जहाल कृत्रिम वेदनाशामक चोरून बनत होतं, नऊ-दहा किलो सापडलं, एका रसायनतज्ज्ञाला आणि एका मेक्सिकन नागरिकाला अटक झाली. फेंटानिलचं व्यावसायिक प्रमाण एक दशांश ग्रॅम आहे. यावरून त्या मालाची ताकद समजा. शिकलेले केमिस्ट, सांवेर रोड आणि पीथमपूरसारख्या औद्योगिक वसाहती, औषधउद्योगातली यंत्रं, रसायनांची सहज खरेदी, हे सगळं इथे हाताशी आहे. तेव्हाच या शहरात कायमची देखरेख उभी राहायला हवी होती. बातमी आली, फोटो छापले, विषय संपला.

पुढचं संकट तर दारात आहे. कॅथिनोनच्या कुळात मेफेड्रोनची डझनांनी भावंडं आहेत. नेदरलँड्सने 2021 मध्ये 3-एमएमसीवर बंदी घातली, लगेच 2-एमएमसी बाजारात उतरलं. 2022 या एका वर्षात युरोपीय संघात 26.5 टन कृत्रिम कॅथिनोनं पकडली गेली, आणि युरोपच्याच संस्थेने सांगितलं की मोठा माल भारतातून येतो. तिकडच्या बंदीची बातमी वाचून इकडचा कारखानदार कृती बदलतो. तो रोज अभ्यास करतो. त्याच्यावर नजर ठेवायची ज्यांची जबाबदारी आहे, तेच करत नाहीत.

म्हणून यादीची पद्धत मोडीत काढा. एकेका रेणूचं नाव लिहिण्याऐवजी रासायनिक कुळाची व्याख्या कायद्यात घाला. चीनने मे 2019 पासून फेंटानिलचं अख्खं कुळ बंदीखाली आणलं. नेदरलँड्सनेही शेवटी 2025 मध्ये कुळांवर बंदी आणली. यावर औषधउद्योगाचा आक्षेप येईल आणि तो खरा आहे. नैराश्यावर आणि सिगारेट सोडवायला दिलं जाणारं ब्युप्रोपिऑन रासायनिकदृष्ट्या कॅथिनोनच आहे. आंधळी व्याख्या केली तर ते घेणारा रुग्णही गुन्हेगार ठरेल. त्यावर उपाय आहे. मान्यताप्राप्त औषधं आणि नोंदणीकृत संशोधन यांना कायद्यातच सूट द्या. ब्रिटनने 2016 मध्ये मेंदूवर परिणाम करणारं सगळंच एका झटक्यात बंद करू पाहिलं आणि कोणता पदार्थ त्यात बसतो यावर कोर्टकज्जे झाले. ती चूक आपण करायची नाही. पण त्याच ब्रिटनने 2011 मध्ये केलेली एक सोय उचलण्यासारखी आहे. नव्या पदार्थावर एक वर्षाची तात्पुरती बंदी घालायची, त्या वर्षात तज्ज्ञांनी त्याचा अभ्यास करायचा आणि मगच कायमचा निर्णय. त्या वर्षात विक्रेता गुन्हेगार असतो. स्वतःपुरता बाळगणारा नसतो.

ही शेवटची गोष्ट माझ्या मते सर्वांत महत्त्वाची आहे. आपल्याकडे पुडी ओढणाऱ्या पोराला कलम 27 खाली सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणून मित्र त्याला दवाखान्यात न्यायला घाबरतात, नेलं तर खोटं सांगतात, आणि डॉक्टर अंधारात उपचार करतात. कलम 64-अ खाली स्वतःहून उपचार घेणाऱ्याला खटल्यातून माफी आहे, पण ती तरतूद किती ठाण्यांत सांगितली जाते? मी तर आजवर एकाही ठाण्याच्या भिंतीवर तिचा फलक पाहिला नाही. मूळ कायद्याकडे सरकारचं लक्ष किती, तेही सांगतो. 2014 मध्ये दुरुस्ती करताना एका व्याख्येचा क्रमांक बदलला, आणि नशेच्या व्यापाराला पैसा पुरवणाऱ्यांना पकडणारं कलम 27-अ जुन्याच क्रमांकाकडे बोट दाखवत राहिलं. ते कलम सात वर्षं लटकत होतं. त्रिपुरा उच्च न्यायालयाने 2021 मध्ये कान उपटल्यावर संसदेला जाग आली. पोरांच्या खिशातले ग्रॅम मोजणाऱ्यांना धंद्याच्या मालकांवरचं कलम सात वर्षं दिसलं नाही.

आणि पबच्या नावाने बोटं मोडणाऱ्यांनाही विचारायचं आहे. सप्टेंबर 2022 मध्ये इंदूरच्या बीआरटीएस बसमार्गाच्या पट्ट्यात दुकानं चोवीस तास उघडी ठेवायची मुभा मिळाली. पलासिया त्याच पट्ट्यात येत होता. जुलै 2024 मध्ये ती काढून घेतली. रात्री शटर पडली म्हणून पावडर थांबली का? ती खोलीवर येते, फ्लॅटवर येते, जिमच्या पार्किंगमध्ये येते. संस्कृती बुडाल्याची ओरड केल्याने आपल्या घरातल्या मुलाशी बोलायची जबाबदारी टळते, एवढाच तिचा उपयोग.

अभ्यास करणं अशक्य आहे, असं मराठी माणसाने तरी म्हणू नये. ऐंशीच्या दशकात ब्राउन शुगर आली तेव्हा अनिल अवचट व्यसनी पोरांमध्ये जाऊन बसले, ऐकलं, बघितलं आणि 'गर्द' लिहिलं. डॉ. अनिता अवचट यांनी 1986 मध्ये पुण्यात मुक्तांगण उभं केलं, पु. ल. देशपांड्यांनी त्यासाठी पैसा दिला. आधी समजून घेणं, मग उपचार, हा क्रम तेव्हा काही माणसांनी स्वतःच्या बळावर पाळला. आज सरकारकडे विद्यापीठं आहेत, एम्स आहेत, निधी आहे. मग एमडीच्या बाबतीत हा क्रम का पाळला जात नाही?

काम इथूनच सुरू होऊ शकतं. एमवाय रुग्णालयात रात्री येणाऱ्या प्रत्येक संशयित रुग्णाचा नमुना, नाव न लावता, मास स्पेक्ट्रोमीटरवर तपासा. त्यासाठी लागणारी यंत्रं जवळच सिमरोलला, आयआयटीत आहेत. जप्त मालात काय सापडलं ते दर तीन महिन्यांनी जाहीर करा. वेल्समध्ये 2013 पासून लोक पुडीतला नमुना नाव न सांगता पाठवतात आणि निकाल सगळ्यांना बघायला मिळतो. तसं एक केंद्र इंदुरात आणि एक पुण्यात काढा. युरोपात नव्या नशांची पूर्वसूचना देणारी यंत्रणा 1997 पासून चालू आहे आणि साडेनऊशेहून अधिक पदार्थांवर तिची नजर आहे. आपल्या यंत्रणेची बांधणी आजही सुरू करता येईल.

नाशिकचा माणूस भोपाळमध्ये कारखाना टाकतो आणि कुरकुंभचा माल दिल्लीत सापडतो. मग मध्य प्रदेश आणि महाराष्ट्राच्या खासदारांनी हा विषय एकत्र संसदेत मांडायला काय हरकत आहे? पुढच्या वेळी आपला खासदार दारी आला की त्याला तीनच गोष्टी विचारा. कुळाच्या व्याख्येचं विधेयक कधी आणणार? पूर्वसूचनेच्या यंत्रणेला किती पैसे देणार? आणि उपचाराला येणाऱ्या पोरावर खटला भरणार नाही, असं लिहून देणार का? ज्याच्याकडे या तिन्हींचं उत्तर नाही, त्याने नशामुक्तीच्या मंचावर चढायचं कारण नाही, आणि चढलाच तर आपण टाळ्या वाजवायच्या नाहीत.